वक्तृत्वाचा वर्ग



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काही जण बुचकळ्यात पडले असतील. अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती शाळांत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना वक्तृत्वशास्त्र शिकवतात. ते का आणि कसे, हे ऐकायला उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण घरातून बाहेर का पडावे? ह्याचे उत्तर मी लगेच देत नाही. एवढेच म्हणतो की, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपल्या लोकांनी व्याख्याने पुष्कळ ऐकली. परंतु बोलून दुसऱ्याचे मन वळवणे ही एक विद्या आहे, ती शाळेत विषय म्हणून शिकवता येते, आणि युरोपात जवळजवळ दोन हजार वर्षे ती तशी शिकवली जात होती, ह्याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धा असतात. पण स्पर्धा म्हणजे शिक्षण नव्हे. पोहण्याच्या शर्यती भरवल्याने गावातली मुले पोहायला शिकत नाहीत; ज्यांना येते तेवढीच उडी मारतात.

ह्या शाळांची कथा एका इंग्रज बाईंपासून सुरू होते. डोरोथी सेयर्स हे नाव रहस्यकथांच्या वाचकांना ठाऊक असेल. लॉर्ड पीटर विम्झी हा त्यांचा गुप्तहेर. वडील धर्मोपदेशक, त्यांनी मुलीला लहानपणीच लॅटिन शिकवले. १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना प्रथम पदव्या दिल्या, तेव्हा पदवी घेणाऱ्यांत ह्या होत्या. पुढे त्यांनी दान्तेचे भाषांतर केले. १९४७ साली ऑक्सफर्ड येथे त्यांनी शिक्षणाच्या हरवलेल्या हत्यारांविषयी एक व्याख्यान दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: आपण मुलांना विषय शिकवतो, पण विचार करायला शिकवत नाही, म्हणून मोठेपणी छापील मजकुराच्या आणि जाहिरातींच्या माऱ्यापुढे ती उघडी पडतात. उपाय म्हणून त्यांनी मध्ययुगातला 'ट्रिव्हियम' पुढे केला. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ तीन वाटा मिळतात ती जागा. कोकणात ज्याला तिठा म्हणतात, तेच. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ह्या त्या तीन वाटा.

सेयर्सबाईंनी एक नवी गोष्ट केली. त्यांनी ह्या तीन विद्या मुलाच्या वयाच्या तीन अवस्थांशी जोडल्या. लहान मूल पोपटासारखे पाठ करते, ते व्याकरणाचे वय. बाराव्या वर्षाच्या आगेमागे ते उलट उत्तरे देऊ लागते, प्रत्येक गोष्टीत 'का' काढते, ते तर्काचे वय. आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास स्वतःविषयी काही सांगावेसे वाटू लागते, कोणी आपल्याला समजून घेत नाही असे वाटू लागते, ते वक्तृत्वाचे वय. इतिहास म्हणून हे पक्के नाही. रोममधला मुलगा आधी व्याकरणाच्या शिक्षकाकडे जाई आणि मग थेट वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे. मधल्या पायरीवर वयात येणाऱ्या मुलांसाठी वेगळा तर्काचा वर्ग बसलेला नसे. शिक्षणशास्त्राचे आपले ज्ञान बेताचे आहे हे बाईंनी स्वतःच सांगून टाकले होते. तरी ज्याच्या घरात तेरा वर्षांचे मूल आहे, त्या आईबापांना ही वर्गवारी ऐकून हसू आल्याशिवाय राहणार नाही.

इंग्लंडात ह्या व्याख्यानाचे विशेष काही झाले नाही. अमेरिकेत मात्र एका नियतकालिकाने ते पुनर्मुद्रित केले आणि ते डग्लस विल्सन नावाच्या धर्मोपदेशकाच्या वाचनात आले. १९८१ साली आयडाहो राज्यातल्या मॉस्को ह्या छोट्या गावी विल्सन आणि काही पालक ह्यांनी लोगोस नावाची शाळा काढली. १९९१ साली विल्सन ह्यांनी सेयर्सबाईंच्या शीर्षकाचीच आठवण देणाऱ्या नावाचे पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर अशा शाळा निघत गेल्या. आज त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. बहुतेक प्रॉटेस्टंट, काही कॅथलिक. कित्येक पालकांनी घरच्या घरी हाच क्रम चालवला आहे. शेवटच्या तीन-चार इयत्तांना तिकडे 'वक्तृत्वशाळा' असेच म्हणतात, आणि त्यात वक्तृत्व हा स्वतंत्र विषय असतो.

आता ही विद्या म्हणजे नेमके काय? 'वक्तृत्व' हा आपला शब्द ऐकला की आवाजाचा चढउतार, हातवारे आणि शेवटी एखादा जोरकस चरण डोळ्यांपुढे येतो. ग्रीकांचा 'ऱ्हेटरिक' एवढा उथळ नव्हता. अॅरिस्टॉटलच्या मते कोणत्याही प्रसंगी मन वळवण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत हे दिसणे म्हणजे ही विद्या. पाहा, वळवणे नव्हे, साधने दिसणे. वैद्याने प्रत्येक रोगी बराच केला पाहिजे असे नाही, तसेच हे. ती साधने त्याने तीन सांगितली: बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. रोमन लोकांनी वक्त्याच्या कामाचे पाच भाग पाडले. मुद्दे शोधणे, त्यांची मांडणी, भाषा, स्मरण आणि उच्चार. ह्या पाचांत भाषेचा नंबर तिसरा आणि आवाजाचा पाचवा आहे. पहिले काम शोधण्याचे. काय बोलावे हे सापडले नाही तर कसे बोलावे हा प्रश्नच उरत नाही.

मग ह्या विद्येला पोकळ शब्दांचा फुलोरा असा वाईट अर्थ कसा आला? त्याला अनेक कारणे आहेत, पण एक ठळक आहे. सोळाव्या शतकात पॅरिसला पीटर रेमस नावाचा प्राध्यापक होता. १५७२ साली सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीत तो मारला गेला. त्याने अभ्यासक्रमाची वाटणी नीटनेटकी करायची म्हणून मुद्दे शोधणे आणि मांडणी हे दोन भाग तर्कशास्त्राच्या पदरात टाकले. वक्तृत्वाकडे राहिले अलंकार आणि उच्चार. स्मरणाची गरज उरली नाही. घरातला कर्ता मुलगा वेगळा झाला की मागे म्हातारी माणसे आणि भांडी उरतात, तशी ह्या शास्त्राची गत झाली. नीटनेटकेपणाच्या हौसेने विद्येचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे आळसानेही केले नसेल.

ह्या नव्या शाळांनी तो जुना पाचही भागांचा संसार पुन्हा मांडला आहे. पण मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते ते त्यांनी पुन्हा हाती घेतलेले पूर्वाभ्यास. ग्रीक भाषेत त्यांना 'प्रोजिम्नास्माटा' म्हणतात. आखाड्यात उतरण्यापूर्वी पहिलवान जोर-बैठका काढतो तसे. चौथ्या शतकात अंतिओख येथे अॅफ्थोनियस नावाच्या शिक्षकाने असे चौदा अभ्यास नमुन्यांसह लिहून ठेवले. ते पुस्तक इतके चालले की सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातल्या शाळांतून लॅटिन भाषांतरात मुलांच्या हाती तेच असे.

ह्या चौदांतले काही सांगतो. पहिला अभ्यास प्राणिकथेचा. ओळखीची गोष्ट घ्यायची आणि ती आखूड करून सांगायची, मग लांबवून सांगायची, मग प्राण्यांच्या तोंडी संवाद घालून सांगायची. दुसरा, घडलेली हकीकत सांगण्याचा. तिसऱ्यात कोणा थोर माणसाचे एक वचन किंवा कृती घेतात. अॅफ्थोनियसने शिक्षणाच्या कडूगोड चवीविषयीचे आयसोक्रेटिसचे वचन घेतले आहे. त्यावर मुलाने आठ पायऱ्यांनी लिहायचे: बोलणाऱ्याची थोडी स्तुती, वचनाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत, ते खरे का, उलट असते तर काय झाले असते, एखादी उपमा, एखादे उदाहरण, जुन्या कोणाची साक्ष आणि थोडक्यात शेवट. आपल्या निबंधाच्या तासाला गुरुजी फळ्यावर विषय लिहून खुर्चीत बसतात आणि मुले पेन्सिल चावत छताकडे पाहतात, त्याची आठवण होऊन मला ह्या आठ पायऱ्यांचे फार कौतुक वाटते. मुलाजवळ विचार नसतात असे नाही. ते कोठे शोधायचे हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

पुढे एक अभ्यास दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्याचा आहे. नायोबीची सारी मुले मारली गेली. त्यांच्या प्रेतांपाशी ती काय बोलली असेल? मुलाने पहिल्याने आताचे दुःख, मग मागचे सुख, मग पुढचे दिवस, ह्या क्रमाने तिच्या जागी उभे राहून बोलायचे. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःपलीकडे पाहायला लावण्याची ह्याहून साधी युक्ती मला तरी माहीत नाही.

पण सगळ्यांत विलक्षण जोडी पाचव्या आणि सहाव्या अभ्यासांची: खंडन आणि मंडन. अॅफ्थोनियसने दोन्हींसाठी एकच गोष्ट घेतली आहे. अपोलो डॅफ्नीच्या मागे लागला आणि ती झाड झाली, ही. आधी ही गोष्ट कशी असंभाव्य, विसंगत आणि अशोभनीय आहे ते दाखवायचे. मग तीच कशी संभाव्य, सुसंगत आणि शोभणारी आहे ते दाखवायचे. एकच विद्यार्थी, एकच लेखणी, दोन्ही बाजू.

येथे आपल्या मनात जी शंका आली असेल ती फार जुनी आहे. दोन्ही बाजू सारख्याच कौशल्याने मांडणारा मुलगा उद्या वाटेल त्याची बाजू घेईल, त्याचे काय? प्लेटोने 'गॉर्जियस' संवादात हाच आक्षेप घेतला. त्याने वक्तृत्वाला पाकक्रियेच्या पंक्तीला बसवले. वैद्य आणि आचारी ह्यांचा खटला लहान मुलांच्या पंचांपुढे चालला तर कोण जिंकेल, असे तो विचारतो. कडू काढे पाजणारा वैद्य जिंकणे शक्य नाही. क्विंटिलियनने सुमारे इसवी सन ९५ मध्ये बारा खंडांचा ग्रंथ लिहून ह्याला उत्तर दिले की, खरा वक्ता आधी सज्जन असला पाहिजे. दुर्जन कितीही छान बोलला तरी तो वक्ताच नव्हे. उत्तर उदात्त आहे, पण ते व्याख्येच्या आडून दिलेले आहे. दुर्जन छान बोलतात हे रोजच्या अनुभवाचे आहे. जाता जाता सांगतो, हाच क्विंटिलियन मुलांना छडी मारू नये असे एकोणीसशे वर्षांपूर्वी सांगून गेला, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात पक्षपात आहे.

ख्रिस्ती लोकांपुढे तर आणखी एक अडचण होती. ही सारी विद्या मूर्तिपूजक ग्रीक-रोमनांची. तिची उदाहरणे जुन्या देवदेवतांची. ती आपल्या मुलांना शिकवावी का? चौथ्या शतकात बेसिल आणि ग्रेगरी हे दोन मित्र अथेन्सला जाऊन ती शिकले, पुढे दोघेही बिशप झाले, आणि बेसिलने तरुणांना ग्रीक साहित्यातून काय घ्यावे आणि काय सोडावे ह्यावर उपदेश लिहिला. ३६२ साली सम्राट ज्यूलियनने फर्मान काढले की, ज्यांचा त्या देवांवर विश्वास नाही त्यांनी ते ग्रंथ शिकवू नयेत. रोममध्ये मेरियस व्हिक्टोरिनस ह्या नामांकित शिक्षकाने धर्म सोडला नाही, अध्यापन सोडले. ग्रेगरी फार संतापला. शब्द हे कोणा एका धर्माच्या मालकीचे नाहीत, असे त्याचे म्हणणे. जी विद्या आपल्याला नकोशी आहे म्हणून काही धर्मबांधव सांगत होते, ती हिरावली जाताच किती हवीशी आहे हे सर्वांना कळले. पुढच्याच वर्षी ज्यूलियन लढाईत मारला गेला आणि ते फर्मान टिकले नाही.

ऑगस्टीन हा तर धंद्याने वक्तृत्वाचा शिक्षकच. मिलान येथे सरकारी नेमणूक; सम्राटाची स्तुतिपर भाषणे करणे हा कामाचा भाग. ३८६ साली त्याने नोकरी सोडली, ३८७ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे चाळीस वर्षांनी, म्हातारपणी, त्याने ख्रिस्ती शिक्षणावरच्या आपल्या ग्रंथाचा चौथा खंड लिहून पुरा केला आणि त्यात ह्या प्रश्नाला थेट हात घातला. त्याचा विचार असा: असत्याचे वकील श्रोत्यांचे लक्ष वेधून घेणार, त्यांना हलवणार, रडवणार; आणि सत्य सांगणाऱ्याने मात्र कंटाळवाणे, गोंधळलेले, झोप आणणारे बोलावे, हे कोठले शहाणपण? हत्यार दोघांनाही मिळते, तर ते सज्जनाने का टाकून द्यावे? सिसेरोने वक्त्याची तीन कामे सांगितली होती, शिकवणे, रंजवणे आणि हलवणे. ती तो जशीच्या तशी घेतो. मात्र नियम शिकवायला साफ नकार देतो. म्हणतो, ज्याला शिकायचे त्याने ते तरुणपणी आणि लवकर शिकावे. नाहीतर चांगल्या वक्त्यांचे वाचावे, ऐकावे, बुद्धी असेल तर तेवढ्याने भागते. वर्षानुवर्षे हे नियम शिकवून पोट भरलेल्या माणसाचा हा अभिप्राय आहे! आजचे ते शाळाचालक ऑगस्टीनला आपला आधारस्तंभ मानतात. त्यांनी हे पान जरा सावकाश वाचावे असे मला वाटते.

ह्यानंतरची हजार वर्षे मी ओलांडतो आणि जेझुइटांकडे येतो, कारण तेथे आपला संबंध येतो. १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना येथे त्यांचे पहिले मोठे विद्यालय निघाले, आणि अर्धशतकाच्या अनुभवानंतर १५९९ साली त्यांनी अभ्यासक्रमाची संहिता पक्की केली. तीत व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्याचा, आणि सर्वांच्या वर वक्तृत्वाचा वर्ग. सिसेरो हा शैलीचा आदर्श. सुआरेस नावाच्या जेझुइटाने १५६२ साली लिहिलेले वक्तृत्वाचे पुस्तक पाठ्यपुस्तक. देकार्त ह्याच शाळांतून निघाला, आणि पुढे व्हॉल्टेरही. ख्रिस्ती शाळेत शिकून तिच्याच चर्चवर उलटलेल्या विद्यार्थ्यांची यादी करायची झाली तर व्हॉल्टेरचे नाव पहिले घालावे लागेल. हत्यार हाती दिले की ते कोणावर चालेल हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

ह्याच संघात १५७५ साली रोम येथे एक इंग्रज तरुण दाखल झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्याचे काव्यगुण आपण शाळेत शिकलो. पण वक्तृत्वाच्या वर्गाच्या दृष्टीने ते पाहावे. सिसेरोवर वाढलेल्या माणसाला श्रोता ओळखणे हा पहिला धडा असतो. त्याने ओळखले की हा श्रोता पुराण ऐकणारा आहे, ओवी त्याच्या कानात बसलेली आहे, आणि ऐकता ऐकता प्रश्न विचारण्याची त्याला सवय आहे. म्हणून त्याने युरोपचे प्रवचन आणले नाही. पुराण रचले, श्रोत्यांना शंका विचारायला लावले, आणि मराठीची थोरवी गाऊन शीलाचे साधन आधीच जोडून घेतले.

पण ही कथा एवढ्यावर सोडली तर ती अर्धी सांगितल्यासारखे होईल. ज्या साष्टीत स्टीफन्स वावरला तेथली देवळे १५६७ साली पाडली गेली होती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले होते. १५८३ साली कुंकळ्ळीला लोकांच्या रोषात पाच जेझुइट मारले गेले आणि मग पोर्तुगिजांनी त्याचा सूड उगवला. १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. वक्तृत्व आणि दंड ही दोन्ही एकाच सत्तेच्या हातात होती. मन वळवण्याच्या विद्येला खरा अर्थ येतो तो ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत असेल तर. ओवी गोड असली तरी दाराशी शिपाई उभा असताना ऐकलेल्या ओवीची परीक्षा कशी करायची?

हाच प्रश्न सौम्य रूपात त्या अमेरिकन वर्गात बसलेला असतो. शाळेचा धर्म ठरलेला. निष्कर्ष ठरलेला. मुलाला वादाची कला शिकवायची, पण वादाचा शेवट आधीच फळ्यावर लिहिलेला. डॅफ्नीच्या गोष्टीची दोन्ही बाजूंनी चर्चा करायला कोणाची हरकत नसते. त्या देवाला आता कोणी भजत नाही. स्वतःच्या श्रद्धेविषयी शिक्षक तेच करू देईल का? माझ्या मते ही शाळा खरी की खोटी हे ह्या एका ठिकाणी कळते. आणि त्यांच्या परंपरेत ह्याचे उत्तर आहे. थॉमस अक्विनासचा तेराव्या शतकातला महाग्रंथ उघडावा. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात आक्षेपांनी होते. ईश्वर आहे काय, ह्या प्रश्नाचीही. जगात दुःख आणि पाप आहे म्हणून तो नाही, आणि सृष्टीचा उलगडा त्याच्यावाचूनही होतो म्हणून तो नाही, हे दोन आक्षेप तो आधी स्वच्छ मांडतो, उत्तर नंतर. आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष म्हणून हेच केले, आणि न्यायसूत्रांनी सत्यासाठी चालणारा वाद, जिंकण्यासाठी चालणारा जल्प आणि केवळ दुसऱ्याचे पाडण्यासाठी चालणारी वितंडा असा भेद करून ठेवला. हा भेद त्या शाळांना कोणी सांगितला तर त्यांना तो उपयोगी पडेल.

अमेरिकेच्याच इतिहासातून दोन माणसे आपल्यापुढे उभी करतो. एक रॉबर्ट डॅब्नी, व्हर्जिनियाचा धर्मपंडित. १८७० साली त्याने धर्मोपदेशकांसाठी वक्तृत्वावर पुस्तक लिहिले. अभ्यासू पुस्तक आहे. त्याआधी तीन वर्षे, १८६७ साली, त्याने व्हर्जिनियाचे समर्थन म्हणून दुसरे पुस्तक लिहिले होते, आणि त्यात गुलामगिरी बायबलच्या आधाराने बरोबर ठरवली होती. मांडणी पद्धतशीर, आक्षेपांची उत्तरे क्रमवार. विद्येत कोठे उणे नाही. आणि हा प्रकार केवळ जुना नाही. लोगोस शाळेचे विल्सन ह्यांनी १९९६ साली एका सहलेखकाबरोबर दक्षिणेतल्या गुलामगिरीचे सौम्य चित्र रंगवणारी पुस्तिका काढली, तिच्यावर इतिहासकारांनी कडक टीका केली. अशा शाळांतले पुष्कळसे शिक्षक त्या मताचे नाहीत, हे सांगणे न्याय्य होईल. पण ज्या विद्येत बोलणाऱ्याचे शील हेच पहिले साधन, तिच्या पुरस्कर्त्यांना ही गोष्ट बाजूला सारता येत नाही.

दुसरा माणूस शाळेत कधी गेलाच नाही. बाल्टिमोरच्या एका घरात एक गुलाम मुलगा होता. मालकिणीने त्याला अक्षरे शिकवायला सुरुवात केली, मालकाने ती बंद पाडली. रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांकडून तो राहिलेले शिकला. सुमारे बारा वर्षांचा असताना त्याने बूट पुसून वगैरे साठवलेल्या पैशांतून पन्नास सेंट देऊन एक जुने पुस्तक घेतले. 'कोलंबियन ऑरेटर', केलेब बिंगहॅमने १७९७ साली शाळांसाठी तयार केलेला भाषणांचा आणि संवादांचा संग्रह. त्यात मालक आणि गुलाम ह्यांचा एक संवाद आहे. गुलाम दुसऱ्यांदा पळताना पकडला गेलेला. मालक त्याला कृतघ्न म्हणतो. गुलाम एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो, आणि शेवटी मालक त्याला मोकळा करतो. मुलाने ते पुन्हा पुन्हा वाचले. वेदना होती, पण तिला शब्द नव्हते, ते मिळाले. १८३८ साली तो पळाला, १८४१ साली नॅन्टकेट बेटावरच्या सभेत बोलला. त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस.

१८५२ साली जुलैच्या ५ तारखेला रॉचेस्टर येथे त्याने स्वातंत्र्यदिनाचे भाषण केले. सिसेरोच्या पठडीत घासलेल्या कोणीही त्याची रचना तपासून पाहावी. प्रारंभ नम्र. मग स्वातंत्र्यवीरांची मनापासून स्तुती, इतकी की श्रोते सुखावतात. पण सर्वनामे पाहा: तुमचा देश, तुमचे पूर्वज, तुमचा सण. 'आपला' नाहीच. आणि मग ह्या दिवसाशी गुलामाचा काय संबंध, हा प्रश्न तो उभा करतो आणि भाषण उलटते. बायबलवर पोसलेल्या श्रोत्यांना तो बायबलातूनच, बाबिलोनच्या बंदिवानांच्या विलापातून उत्तर देतो. डॅब्नीने जो ग्रंथ वापरला तोच. डग्लसने आणखी एक गोष्ट केली: गुलाम माणूस आहे हे सिद्ध करायला त्याने नकार दिला. कोणती गोष्ट वादाला घ्यायचीच नाही, हे कळणे हाही मुद्दे शोधण्याचाच भाग आहे.

आता त्या वर्गाकडे परत जाऊ. शेवटच्या वर्षी पुष्कळ शाळांत विद्यार्थ्याला एक प्रबंध लिहावा लागतो. विषय त्याने निवडायचा, वर्षभर वाचायचे, पंचवीस-तीस पाने लिहायची आणि मग पालक, शिक्षक, गावातली माणसे ह्यांच्यापुढे उभे राहून तो मांडायचा. मांडून झाल्यावर परीक्षकांची समिती प्रश्न विचारते. रचना बहुधा जुनीच: प्रस्तावना, हकीकत, मुद्द्यांची वाटणी, मंडन, खंडन, समारोप. मुलांची भाषणे बरीचशी पाठ केलेली असतात, काही अगदीच सुबक असतात, आणि सुबक भाषणांचा मला थोडा कंटाळा आहे. खरी गोष्ट सुरू होते ती प्रश्न आल्यावर. तयार केलेले संपते. सतरा वर्षांची मुलगी क्षणभर गप्प होते. तिने खंडनात विरोधकाचे जे म्हणणे सांगितले ते विरोधकाला मान्य होईल असे सांगितले होते की पाडायला सोपे जावे असे बुजगावणे उभे केले होते, ते त्या क्षणी दिसते.

परीक्षकांत शाळेच्या मताचा नसलेला निदान एक मनुष्य बसवावा, अशी माझी त्या चालकांना सूचना असती. काही ठिकाणी बाहेरचे लोक बोलावतात. ते बाहेरचे बहुधा त्याच चर्चचे असतात. दुसऱ्या चर्चचा, दुसऱ्या धर्माचा किंवा कोणत्याच धर्माचा नसलेला, पण मुलांशी सभ्यपणे बोलणारा माणूस प्रत्येक गावात सापडतो. ग्रेगरी आणि बेसिल ज्या अथेन्समध्ये शिकले तेथे त्यांचे गुरुजन सगळे ख्रिस्ती नव्हते, आणि त्यामुळे त्या दोघांचे काही बिघडले नाही.

माझा वेळ संपला आहे. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. ज्यांना माझे म्हणणे पटलेले नाही त्यांनी आधी विचारावे.